लुटुपुटीच्या राज्याचे कायदेकानू

मोठ्या माणसांमध्ये असा एक दृढमूल समज आढळतो की, लहान मुलाची कल्पनाशक्ती ही स्वैर, निर्बंध आणि कोणत्याही नियमाला न जुमानणारी असते, व वयाबरोबर शिस्तीचा अंमल बसू लागला की ती हळूहळू ओसरत जाते. भातुकलीचा डाव रंगात आलेला असताना थोडा वेळ आडोशाला उभे राहून जो ऐकेल त्याला हा समज फार काळ बाळगता येणार नाही. मातीच्या इवल्या चुलीत विस्तव नसतो, तरी तिच्यावरचे भांडे कोणी फडक्यावाचून उचलले तर त्याला तत्काळ दटावण्यात येते. पाहुणे म्हणून ज्यांची नेमणूक झाली त्यांना पान वाढले जाईपर्यंत उठण्याची मुभा नसते. आणि करंजाची पाने हीच नाणी असे एकदा मुक्रर झाले, म्हणजे जास्वंदीचे पान घेऊन बाजाराला आलेल्या गिऱ्हाइकाला माल मिळत नाही. लपंडावात तर ज्या चिमुरड्याला हे कायदेकानू समजण्याजोगे वयच नसते, त्यालाही डावाबाहेर घालवीत नाहीत. 'कच्चे लिंबू' म्हणून त्याच्या सवलतीचा जाहीर पुकारा होतो, आणि ही सवलतदेखील नियमाच्याच दप्तरी नोंदली जाते.

सोव्हिएत रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव व्हायगॉट्स्की यांनी १९३३ साली लेनिनग्राड येथे दिलेल्या एका व्याख्यानात ह्याच गोष्टीची मीमांसा केली होती. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला आणि ते व्याख्यान छापून प्रसिद्ध होण्यास १९६६ साल उजाडावे लागले. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, ज्या खेळात कल्पित प्रसंग आहे त्यात नियम असतातच, मग ते कोणी उच्चारलेले असोत वा नसोत; आणि ज्या खेळात उघड नियम आहेत त्यातही एक कल्पित प्रसंग दडलेला असतो. बुद्धिबळाच्या पटावरील घोडा अडीच घरेच चालतो हे आपण मान्य करतो तेव्हा आपणही एका कल्पित राज्याचे प्रजाजन झालेलो असतो. लहानपणी कल्पना उघड आणि नियम प्रच्छन्न, तर मोठेपणी नियम उघड आणि कल्पना प्रच्छन्न, एवढाच काय तो पालट होतो, असे ते मानीत. काठीचा घोडा होतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोणत्याही वस्तूचा घोडा होत नाही, पोस्टकार्डाचा तर मुळीच होत नाही, कारण त्यावर टांग टाकून बसता येत नाही, हे त्यांनी नेमके हेरले. मुलाची कल्पना वस्तूच्या गुणधर्मांना धरूनच उडते, आणि वस्तूने केलेला हा विरोध तिच्या आड न येता तिला आकार देतो.

ह्याच सुमारास, १९३८ साली, योहान हुइझिंगा ह्या डच इतिहासकाराने 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ लिहून खेळ हे संस्कृतीचे एक मूलद्रव्य आहे असे प्रतिपादन केले. खेळाला स्वतःची हद्द असते, स्वतःचा काळ असतो आणि त्या हद्दीत स्वतःचाच कायदा चालतो, हा त्याचा सिद्धान्त प्रसिद्धच आहे. पण त्यातले मला अधिक मोलाचे वाटणारे निरीक्षण असे की, रडीचा डाव खेळणाऱ्याला भिडू एक वेळ क्षमा करतात, मात्र डावच मोडून टाकणाऱ्याला करीत नाहीत. रडी खेळणारा निदान नियम असल्याचे सोंग तरी करतो. डाव मोडणारा त्या जगाच्या अस्तित्वावरच घाला घालतो.

एवढी प्रस्तावना करण्याचे कारण असे की, व्हिडिओ गेम ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि आपल्याकडे बहुधा डोळ्यांना व अभ्यासाला मारक म्हणूनच चर्चिल्या जाणाऱ्या कलाप्रकारात एक लहानशी, शांत शाखा अशी आहे की जिने बालमनाचे हे रहस्य अनेक शिक्षणतज्ज्ञांपेक्षा चांगले ओळखले आहे. व्हिडिओ गेम म्हटला की पुष्कळांच्या नजरेसमोर धावपळ, गोळीबार आणि बोटांची विलक्षण चपळाई उभी राहते. परंतु ज्याला टर्न-बेस्ड म्हणतात, म्हणजे बुद्धिबळाप्रमाणे एकेका चालीने पुढे सरकणारा असा जो प्रकार आहे, त्यात खेळाडूने चाल केल्याखेरीज पडद्यावरचे जग काडीमात्रही पुढे जात नाही. तो दहा मिनिटे हनुवटीवर हात ठेवून बसला तर ते जगही दहा मिनिटे त्याच्यासाठी ताटकळते. घड्याळाचा, प्रतिस्पर्ध्याचा किंवा परीक्षकाचा तगादा नसलेली अशी जागा आजच्या मुलांना फार थोड्या ठिकाणी लाभते, आणि विचार करण्याला अशी जागा लागते, हे मी वेगळे सांगावयास नको.

बालकल्पना हाच ज्याचा उघड विषय आहे असा एक खेळ प्रथम पाहू. सान फ्रान्सिस्को येथील डबल फाइन ह्या संस्थेने २०१० च्या ऑक्टोबरात 'कॉस्च्यूम क्वेस्ट' प्रसिद्ध केला. त्याची मूळ कल्पना आणि दिग्दर्शन टाशा हॅरिस ह्या बाईंचे. त्यांनी पूर्वी पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेत सचेतनकार म्हणून काम केले होते. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीनच्या संध्याकाळी मुले नाना सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात, त्या रात्रीची ही गोष्ट आहे. रेन आणि रेनॉल्ड ही जुळी बहीणभावंडे नव्या गावात राहावयास आलेली असतात. त्यांतले एक मिठाईच्या दाण्याचे सोंग घेऊन निघते आणि एक राक्षस त्याला खरीच भली मोठी मिठाई समजून पळवून नेतो. दुसऱ्याने मग पुठ्ठ्याचा यंत्रमानव अंगावर चढवून भावंडाच्या शोधार्थ निघावे, असा हा कथाभाग. खेळातील लढाई सुरू झाली की पुठ्ठ्याचा तो खोका गगनचुंबी पोलादी यंत्रमानव होतो, आणि लढाई संपताच पुन्हा पुठ्ठा तो पुठ्ठाच उरतो.

ह्यात मौज आहे ती सोंगांच्या गुणधर्मांची. यंत्रमानवाच्या सोंगात चाके असलेले बूट आहेत, म्हणून तेवढ्याच सोंगाने भरधाव घसरत उतारावरून उडी घेता येते. सरदाराच्या सोंगाला ढाल आहे, म्हणून वरून काही कोसळत असेल तेथून त्यालाच जाता येते. अंतराळवीराची तलवार उजळते, म्हणून काळोख्या वाटा त्याच्या. शिवाय सोंग आयते मिळत नाही. त्याचा नमुना आणि लागणारे सामान हिंडून गोळा करावे लागते, तेव्हाच ते सिद्ध होते. पोस्टकार्डाचा घोडा का होत नाही ह्या प्रश्नाचे इतके लोभस उत्तर मी अन्यत्र पाहिलेले नाही. तरीही एक न्यूनता नमूद केली पाहिजे. ह्या खेळातील लढाया पुढे पुढे एकसुरी होतात, कारण कल्पनेचे वैभव जितके मोठे आहे तितका नियमांचा पाया खोल नाही. सोंग बदलले तरी करावयाची निवड फारशी बदलत नाही. कल्पना उदंड आणि नियम तोकडे असा हा प्रसंग आहे.

ह्याच्या अगदी उलट टोकाला जपानच्या ह्योगो प्रांतातील ताकाराझुका गावी जन्मलेला 'सोकोबान' आहे. हिरोयुकी इमाबायाशी ह्यांनी तो रचला आणि त्यांच्या थिंकिंग रॅबिट ह्या संस्थेने १९८२ साली तो विक्रीस काढला. त्याचा विषय म्हणाल तर सरकारी तपासणीच्या अहवालाइतका कोरडा: एका गोदामाचा रखवालदार आहे, काही पेट्या आहेत, आणि जमिनीवर खुणा केलेल्या जागी त्या नेऊन ठेवायच्या आहेत. रखवालदाराला पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. आणि एका वेळी एकच ढकलता येते, दोन नाहीत. संपूर्ण कायदा एवढाच. मूळ आवृत्तीत वीस पट होते, आणि ह्या दोन कलमांच्या जोरावर गेली चाळीसहून अधिक वर्षे जगभर माणसे नवे नवे पट रचीत आली आहेत.

हा खेळ कधी हाती न घेतलेल्या वाचकाला वाटेल की, पेट्या ढकलण्यात बुद्धीला कसले आव्हान? परंतु ओढता येत नाही ह्या एका मनाईने प्रत्येक चालीला परिणाम चिकटतो. पेटी कोपऱ्यात गेली की ती कायमची गेली. तिच्यामागे जाऊन तिला बाहेर ढकलण्यास जागाच उरत नाही. भिंतीला लागलेली पेटी भिंतीच्या कडेकडेनेच सरकू शकते, तेव्हा त्या भिंतीलगत एखादी खूण नसेल तर तीही वाया गेली म्हणावी. एकाच अरुंद बोळातून चार पेट्या न्यायच्या असतील तर सर्वांत आतल्या खुणेवर जाणारी पेटी आधी गेली पाहिजे, आणि ती आधी नेण्यासाठी दुसरी एखादी पेटी क्षणभर आडवाटेला काढून ठेवली पाहिजे. ती कोठे ठेवायची, हा स्वतंत्र प्रश्न. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बर्सन ह्यांनी १९९७ साली गणिताने सिद्ध केले की, हा खेळ संगणकशास्त्रातील अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतो. सामान्य भाषेत सांगायचे तर पट जसजसा मोठा होतो तसतशी उकलीला लागणाऱ्या चालींची संख्या भयंकर वेगाने फुगू शकते, आणि कोणताही पट झटपट सोडवून देईल अशी हुकमी युक्ती अस्तित्वात असण्याचा संभव फार थोडा आहे. दोन कलमांच्या कायद्यातून एवढे अरण्य उगवते, ही गोष्ट मला आजही विस्मित करते.

आणि ह्या कोरड्या गोदामातही कल्पना आहेच, फक्त ती चित्रांत नाही, खेळाडूच्या मनात आहे. पेटी हलविण्यापूर्वी ती हलल्यानंतरचे गोदाम त्याला मनश्चक्षूंपुढे उभे करावे लागते, मग त्याच्या पुढचे, मग त्याच्याही पुढचे. जे समोर नाही ते समोर आहे असे धरून, त्या धरून चाललेल्या जगाचे नियम काटेकोर पाळीत पुढे विचार करणे, हे भातुकलीतल्या विस्तवाहून प्रकृतीने निराळे नाही. व्हायगॉट्स्कींनी वर्णिलेला प्रच्छन्न कल्पनेचा खेळ तो हाच.

ही दोन टोके ज्यांनी एकत्र आणली त्यांत ॲलन हेझेल्डन आणि बेंजामिन डेव्हिस ह्या जोडीचा मान मोठा आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक चिमुकला खेळ प्रसिद्ध केला. 'अ गुड स्नोमॅन इज हार्ड टु बिल्ड' असे त्याचे लांबलचक नाव असून, चांगला हिममानव घडविणे सोपे नव्हे, असा त्या नावातच त्याचा विषय सांगितलेला आहे. खेळाडू एक काळाकभिन्न, गुबगुबीत, निरागस राक्षस असतो आणि कुंपणांनी विभागलेल्या एका बर्फाच्छादित बागेत हिममानव बनवीत हिंडणे हा त्याचा एकमेव उद्योग असतो.

नियम कसे रचले आहेत ते पाहण्यासारखे आहे. बर्फाचा गोळा लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन आकारांचा असतो. ताज्या बर्फावरून ढकलला की गोळा एका आकाराने वाढतो, आणि ज्या घरावरून गेला तेथील बर्फ संपून हिरवळ उघडी पडते. एकदा वाढलेला गोळा पुन्हा लहान होत नाही. आणि मोठ्या गोळ्याचा आकार आणखी वाढत नसला तरी तो वाटेतले बर्फ मात्र खाऊन टाकतो. मोठ्यावर मध्यम आणि मध्यमावर लहान असे तिन्ही एकमेकांवर चढले की हिममानव झाला. समजा तीन लहान गोळे मिळाले आहेत, तर त्यांतील एकाला बर्फाची दोन घरे, दुसऱ्याला एक घर मिळाले पाहिजे आणि तिसऱ्याला एकही मिळता कामा नये. आता ज्या गोळ्याला लहान राहायचे आहे त्याची वाट नेमकी बर्फातूनच जात असेल, तर आधी दुसऱ्या गोळ्याकडून ती वाट साफ करून घ्यावी लागते. आणि साफ करणाऱ्याला तेवढेच बर्फ मिळून तो नको इतका मोठा होणार नाही ना, हेही जपावे लागते. बर्फ हे जिंदगीसारखे मोजके आहे, आणि प्रत्येक पाऊल त्यातून काही खर्ची घालते.

ह्यातला एकही नियम मला मुलाला शिकवावा लागला नसता, असे वाटते. बर्फाचा गोळा लोळवला की वाढतो, हे बर्फ पडणाऱ्या देशातील प्रत्येक बालकाला ठाऊक असते. खाली थोरला आणि वर धाकटा हे तर उतरंड रचणाऱ्या आपल्याकडच्या मुलालाही कळते. सोकोबानमध्ये पेटी ओढता येत नाही ही नियंत्याची आज्ञा आहे, येथे गोळा लहान होत नाही ही बर्फाची स्वतःची प्रकृती आहे. आज्ञा आणि प्रकृती ह्यांतील हे अंतर लहान नाही. कल्पित जगाचा कायदा जेव्हा त्या जगातल्या वस्तूंच्या स्वभावातूनच उगवतो तेव्हा तो पाळण्यात जाच राहत नाही, आणि हे साधणे ह्या प्रकारच्या रचनेतील सर्वांत अवघड काम आहे.

पूर्ण झालेल्या प्रत्येक हिममानवाला ह्या खेळात स्वतःचे नाव मिळते, आणि राक्षसाने त्याला मिठी मारली तर खेळ त्यालाही हरकत घेत नाही. ह्या मिठीने कोडे सुटण्यास कसलीही मदत होत नाही. बाकावर बसता येते, त्यानेही होत नाही. तथापि ह्या निरुपयोगी वाटणाऱ्या कृती खेळातून वगळल्या असत्या तर तेथे तीन गोळ्यांचे गणित तेवढे शिल्लक राहिले असते. आपण जे घडविले त्याला नाव देऊन कवेत घेणे हा बालकल्पनेचा पहिला हक्क आहे, आणि रचनाकारांनी तो हक्क कोड्याच्या नफातोट्यापासून वेगळा राखला, ह्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे.

अशा खेळांत केलेली चाल परत घेण्याची मुभा असते, आणि कित्येकांना हा लाड वाटतो. बुद्धिबळात चाल परत घेणे हा रडीचा डाव, कारण समोर दुसरा माणूस बसलेला असतो आणि त्याची फसवणूक होते. कोड्यात समोर कोणी नसते. भातुकलीत एखादी घटना अडचणीची झाली की 'हे धरायचं नाही' असे जाहीर करून मुले मागे जातात आणि प्रसंग पुन्हा बांधतात. प्रयोगशाळेतील संशोधकही हेच करतो. पाऊल परत घेता येते म्हणूनच धाडसी पाऊल टाकून पाहण्याची हिंमत होते, आणि चूक ही शिक्षा न राहता माहिती होऊन बसते. आजोबा आणि नात शेजारी बसून एकाच पडद्याकडे पाहत 'आता इकडून ढकलून बघू' असा खल करीत आहेत, असे चित्र वेगाच्या खेळात सहसा दिसणार नाही. चालीच्या खेळात ते सहज संभवते.

पुढे २०२० च्या सप्टेंबरात हेझेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच राक्षसाला पाठीवर पिशवी देऊन दूरच्या प्रवासाला धाडले. तो खेळ 'अ मॉन्स्टर्स एक्स्पिडिशन'. समुद्रात विखुरलेली शेकडो लहान बेटे आहेत, बेटांवर झाडे आहेत. झाडाला ढकलले की ते त्या दिशेला आडवे पडते, ओंडका बाजूने ढकलला तर अडथळा येईपर्यंत गडगडत जातो, टोकाकडून ढकलला तर उभा राहतो, आणि पाण्यात पडला तर पूल होतो. दोन ओंडके पाण्यात शेजारी शेजारी आले म्हणजे तराफा तयार. लाकडाच्या स्वभावाचे एवढे चार-पाच पैलू, आणि त्यांच्या आधारावर एवढा मोठा द्वीपसमूह. एखादे बेट सुटत नसेल तर ते तसेच टाकून दुसऱ्या वाटेने जाण्याची सोय आहे. ती नाउमेद होणाऱ्या मुलांसाठी मोठीच कृपा म्हटली पाहिजे.

परंतु कल्पनेच्या दृष्टीने ह्या बेटांवरची खरी संपत्ती म्हणजे तेथील प्रदर्शन. माणसांच्या वस्तू राक्षसांनी संग्रहालयात मांडल्या आहेत आणि प्रत्येकीजवळ तिचे स्पष्टीकरण लावले आहे; ते स्पष्टीकरण अभ्यासपूर्ण, गंभीर आणि बहुतेक ठिकाणी पूर्णपणे चुकीचे असते. माणूस कधीच न पाहिलेल्या जीवाने त्याच्या वापरातील वस्तूवरून त्याच्या रीतिरिवाजांचा तर्क बांधावा, आणि तो तर्क स्वतःपुरता अगदी सुसंगत असावा, हा प्रकार तीन-चार वर्षांचे मूल घरातल्या मोठ्यांच्या जगाविषयी रोजच करीत असते. बाबा सकाळी कोठे जातात, कागदावर सही केली की काय होते, बँकेत पैसे कोण ठेवतो, ह्या सर्वांची त्याच्यापाशी उत्तरे असतात आणि ती हाती असलेल्या पुराव्याशी जुळतात. त्या उत्तरांना हसण्याऐवजी त्यांतील तर्क ऐकावा, एवढी नम्रता ह्या खेळाच्या प्रत्येक पाटीत आहे.

येथवरच्या खेळांत नियम स्थिर होते. फिनलंडच्या आर्वी तेइकारी ह्यांनी नियमांनाच पटावर आणून ठेवले. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅम ह्या, ठरावीक थोड्या वेळात खेळ रचण्याच्या स्पर्धेत त्यांनी जो नमुना केला त्याला पहिला क्रमांक मिळाला, आणि तो वाढवीत १३ मार्च २०१९ रोजी 'बाबा इज यू' ह्या नावाने त्यांनी पूर्ण खेळ प्रसिद्ध केला. ह्यातील बाबा हे सशासारख्या दिसणाऱ्या एका शुभ्र प्राण्याचे नाव आहे. पटावर भिंती, खडक, निशाण अशा वस्तू असतात आणि त्यांच्याजवळच शब्द कोरलेले चौकोनी ठोकळे असतात. तीन ठोकळे ओळीने लागले की वाक्य होते आणि वाक्य झाले की तो कायदा लागू होतो: बाबा म्हणजे तू, भिंत म्हणजे अडथळा, निशाण म्हणजे विजय. हे ठोकळे पेट्यांप्रमाणे ढकलता येतात. भिंतीच्या वाक्यातला एक ठोकळा बाजूला सारला की पटावरची एकूण एक भिंत धुक्यासारखी आरपार जाण्याजोगी होते. 'खडक म्हणजे निशाण' असे जुळवले की सारे खडक त्याच क्षणी निशाणे होतात. आणि 'बाबा म्हणजे तू' हेच वाक्य हातून मोडले तर पटावर खेळणारा कोणी उरतच नाही. सारे काही गोठून राहते आणि चाल परत घेण्यावाचून गत्यंतर नसते.

काठीला घोडा म्हणताना मूल नेमके काय करते, ह्याचे व्हायगॉट्स्कींनी केलेले विश्लेषण असे होते की, वस्तू आणि तिचा अर्थ ह्यांचा एरवी अभेद्य वाटणारा जोड ते प्रथमच सोडवते. अर्थ घोड्यापासून सुटतो आणि काठीच्या आधाराने उभा राहतो. तेइकारींच्या पटावर हा जोड सोडविण्याचे काम डोळ्यांदेखत, हाताने करता येते. मुलाचे 'ही काठी म्हणजे घोडा' आणि पटावरचे 'खडक म्हणजे निशाण' ह्यांची घडण एकच आहे. मात्र येथेही वाटेल ते वाक्य वाटेल तेव्हा लिहिता येत नाही. शब्दाला वजन आहे, तो ढकलावा लागतो. तो कोपऱ्यात गेला तर सोकोबानच्या पेटीसारखाच अडकतो, आणि रचनाकाराने जाणूनबुजून कोपऱ्यात बसविलेले वाक्य तर मोडताच येत नाही. नियम बदलण्याचे स्वातंत्र्यही नियमांनी बांधलेले आहे, आणि ह्या बंधनामुळेच दोनशेहून अधिक पट उभे राहू शकले. सर्व शब्द हाताने उचलता आले असते तर पहिल्याच पटावर 'बाबा म्हणजे विजय' लिहून खेळ संपला असता. तेइकारींना ह्या रचनेबद्दल २०१८ च्या स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात रचनाकौशल्याचा पुरस्कार मिळाला, तो सर्वथा रास्त होता. हा खेळ पुढे अतिशय कठीण होत जातो, हे मात्र पालकांनी लक्षात घ्यावे. लहान मुलाला आरंभीचे थोडे पट पुरेसे आहेत, आणि तेवढ्यातही त्याला जे गवसते ते थोडे नाही.

ज्या मुलाला ह्यापुढे जाऊन स्वतःच कायदे करावेसे वाटतील त्याची सोयही झालेली आहे. स्टीफन लॅव्हेल ह्या रचनाकाराने २०१३ साली पझलस्क्रिप्ट नावाचे एक साधन तयार करून सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यात चित्र म्हणजे पाच गुणिले पाच ठिपक्यांचा चौकोन, पट म्हणजे अक्षरांच्या ओळी, आणि नियम म्हणजे डावीकडे 'आधी' व उजवीकडे 'नंतर' अशी दोन चौकटींची मांडणी. सोकोबानचा सगळा कायदा त्यात एका ओळीत मावतो: खेळाडू पेटीच्या दिशेने निघाला असेल तर खेळाडू निघालेलाच राहील आणि पेटीही त्याच दिशेला निघेल. दिशा दाखविण्यासाठी ह्या ओळीत तीन बाण असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाने त्या तिन्ही बाणांची तोंडे उलटी फिरवावी. तोच रखवालदार आता पेट्या ढकलण्याऐवजी ओढू लागतो. जो कोपरा आजवर सर्वांत मोठा धोका होता त्यातून पेटी बाहेर निघू शकते. परंतु ओढण्यासाठी स्वतःला एक घर मागे सरकावे लागते, आणि ज्या रखवालदाराची पाठ भिंतीला टेकलेली आहे त्याला समोरची पेटी तसूभरही हलविता येत नाही; म्हणजे ज्या जुन्या पटांवर पेट्यांची काळजी वाहायची होती त्याच पटांवर आता त्याने स्वतः कोठे उभे राहायचे, ह्याची काळजी वाहिली पाहिजे.